खो मिळण्याआधी

सकाळचे सहा वाजलेत. धाराशिव जिल्ह्यातल्या एका गावच्या शाळेचं मैदान. दोन मुली डब्याने पाणी शिंपडतायत, धूळ बसावी म्हणून. तिसरी ताणलेल्या दोरीच्या कडेने फक्की सोडत चालली आहे. उत्तरेला एक आणि दक्षिणेला एक लाकडी खांब, जमिनीपासून १२० सेंटिमीटर उंच. यांतल्या बहुतेकींच्या छातीला लागतील इतके. कुंपणापलीकडे ज्वारी पोटऱ्यात आली आहे. थंडी चांगलीच आहे, तरी मुली अनवाणी. अकरा ते सोळा वयाच्या सोळा-सतरा जणी: शाळेचा खो-खो संघ, आणि त्या संघात शिरायची आस लागलेल्या काही बारक्या.

याच जिल्ह्यातल्या सारिका काळेच्या नेतृत्वाखाली भारतीय मुलींनी २०१६च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत सुवर्ण मिळवलं. २०२० साली तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. हे इथल्या पाचवीतल्या पोरीलाही तोंडपाठ आहे. जानेवारी २०२५मध्ये दिल्लीत झालेल्या पहिल्या विश्वचषकात प्रियंका इंगळेच्या संघाने अंतिम सामन्यात नेपाळला ७८-४० असं हरवलं, त्या बातमीचं कात्रण शाळेच्या व्हरांड्यात डकवलेलं आहे. पहाटे उठून यायला इथे कुणाला हाका माराव्या लागत नाहीत.

मी कट्ट्यावर बसून वाट बघतोय ती पळापळीची. सर येतात. गळ्यात शिट्टी, हातात साधी वेळूची काठी. मैदानाकडे एकदा बघतात आणि म्हणतात, "बसा."

"सर, आज पळायचं नाही का?" एक बारकी विचारते.

"पळायचंय की. आधी बसा."

मधल्या पाटीवरच्या आठ चौकांत आठ जणी बसतात, एकीचं तोंड पूर्वेला तर शेजारणीचं पश्चिमेला. बाकीच्या रेषेबाहेर, पण त्याही तशाच बसलेल्या. हे खेळातलं बसणं नव्हे. दोन्ही टाचा जमिनीला टेकलेल्या, हात डोक्याच्या वर, पाठ शक्य तितकी ताठ. सर ओळीच्या कडेने चालत जातात. चेहऱ्यांकडे त्यांचं लक्षच नाही. नजर घोट्यावर, गुडघ्यावर, कमरेवर. एकीपाशी थांबतात. "गुडघे बाहेर. अंगठ्याच्या रेषेत. हं." पुढे जातात.

बहुतेकींना हे बसणं सहज येतं. घरात चुलीपुढे, ओढ्यावर धुण्यापुढे, खुरपणीत सरीमध्ये त्या अशाच बसतात. घोटा, गुडघा आणि खुबा हे तिन्ही सांधे पूर्ण मिटण्याची त्यांना सवय आहे. पण शेतातल्या कामाला मी सराव म्हणणार नाही. खुरपणीने घोटा मोकळा राहतो हे खरं, पण खुरपणी वेग देत नाही, आणि उन्हात दिवसभर राबून आलेली मुलगी संध्याकाळी मैदानावर निम्मीच उरलेली असते. गरिबीने आपोआप खेळाडू घडतात हे ऐकलं की मला राग येतो. या मुलींना घोटे मिळालेत. दूध, अंडी आणि झोप मिळालेली नाही.

ओळीच्या शेवटी एक मुलगी आहे, निळ्या टी-शर्टातली. यंदाच जूनमध्ये शहरातल्या शाळेतून आली आहे. ती बसते, टाचा उचलल्या जातात, आणि हात वर नेताच ती मागे कलंडून बुडावर आपटते. दोघी-तिघी हसतात. सर हसत नाहीत. तिला व्हरांड्याच्या भिंतीपाशी नेतात. पाऊल भिंतीपासून चार बोटं अंतरावर, टाच जमिनीला, आणि टाच न उचलता गुडघा पुढे नेऊन भिंतीला लावायचा. डाव्या पायाचा लागतो. उजव्याचा लागत नाही.

"कितवीपासून बूट घालतेस?"

"लहानपणापासून, सर. आणि मागच्या वर्षी हाच पाय मुरगळला होता."

"मग रोज दात घासताना हे करायचं. दोन्ही पायांनी, उजव्याने दुप्पट."

ते परत येताना मला थोडक्यात समजावतात. नडगी पुढे झुकायला घोट्याने जागा दिली नाही, तर शरीर ती जागा दुसरीकडून काढतं. टाच उचलली जाते, नाहीतर पाऊल आतल्या बाजूला कोलमडतं आणि त्याच्यामागोमाग गुडघाही आत येतो. बसताना हे दिसतं तरी. पळताना एका क्षणात घडतं आणि कुणाच्या डोळ्याला पडत नाही. म्हणून ते बसवून बघतात.

"आता खेळातलं बसा."

चित्र क्षणात बदलतं. हात जमिनीला, भार पंजांवर, टाचा सुटलेल्या. कुणाचा एक पाय पुढे एक मागे, कुणाचे दोन्ही समांतर. माना एका बाजूला वळलेल्या, कारण खो मागून येतो. पाठीमागून पाठीवर तळवा लागला पाहिजे आणि "खो" हा शब्द कानावर आला पाहिजे. त्याआधी उठलं तर फाऊल. सोळा वर्षांची एक ताई, संघातली सगळ्यांत जुनी, ओळीमागून धावते आणि मनाला येईल तिला खो देते. कुणाला लगेच, कुणाला अर्ध्या मिनिटाने. उठायचं, तीन पावलं पळायचं, परत येऊन बसायचं. बस्स इतकंच.

बघायला इतकं साधं, पण या उठण्यात खो-खोचा निम्मा खेळ आहे. उभ्या माणसाने उडी मारायची तर तो आधी किंचित खाली दबतो. त्या दबण्यात स्नायू आणि स्नायुबंध ताणले जातात, ताणात साठलेली ऊर्जा उडी घेताना परत मिळते. पण ही ऊर्जा टिकाऊ नाही. ताण धरून थांबून राहिलं की काही सेकंदांत ती उष्णता होऊन निघून जाते. खो-खोत चौकातली मुलगी मिनिटभरही बसून राहू शकते. तिच्याजवळ साठवलेलं काहीच उरत नाही. खो मिळाला की अगदी तळातून, निव्वळ मांडीच्या आणि खुब्याच्या जोरावर तिला निघावं लागतं. धावपटूला ठोकळा तरी असतो पायामागे. हिच्या पायामागे ओली माती आहे.

एक मुलगी खो मिळताच आधी सरळ उभी राहते आणि मग धावते. दुसरी उभी राहतच नाही: छाती गुडघ्यावर तशीच ठेवून पुढे सांडते, आणि पहिलं पाऊल ती पडू नये म्हणूनच जणू तिच्याखाली येतं. दोघी एकाच वेळी निघाल्या तरी तिसऱ्या पावलाला दुसरी हातभर पुढे असते. सर पहिलीला पळायला सांगत नाहीत. तिला पुन्हा तळात बसवतात, दोन्ही हात तिच्याच पोटऱ्यांवर ठेवायला लावतात आणि तिथून न उठता बेडकासारखी एकच उडी पुढे मारायला सांगतात. चार-पाच वेळा. मग पुन्हा खो. या खेपेला ती उभी राहत नाही. तिलाच नवल वाटतं. ती मागे वळून स्वतःच्या चौकाकडे बघते.

इथवर सगळं सरळ चाललेलं असताना एक मुलगी हिशेब बिघडवते. वेणीला लाल रिबीन, काळीसावळी, काटक. तिचं टाच टेकून बसणं ओळीत सगळ्यांत वाईट: पाठीला बाक, पावलं फाकलेली. आणि खो मिळाल्यावर सगळ्यांत जलद तीच. दुसरीकडे चष्मेवाली एक मुलगी पुस्तकातल्या आकृतीत असावं तसं बसते, आणि उठते मात्र सावकाश.

ग्रे कुक आणि ली बर्टन या अमेरिकेतल्या दोघांनी गेल्या शतकाच्या शेवटी खेळाडूंसाठी सात मूलभूत हालचालींची एक तपासणी तयार केली. हात वर धरून खोल बसणं, अडथळा ओलांडणं, एका रेषेत पाऊल पुढे टाकून खाली जाणं, अशा सात. प्रत्येकीला शून्य ते तीन गुण, एकूण एकवीस. जगभरच्या संघांनी ती उचलली. पुढे संशोधकांनी पडताळणी केली तेव्हा दिसलं की या एकूण गुणांवरून कोण वेगवान आहे, कोण उंच उडी मारेल, हे भरवशाने सांगता येत नाही; कुणाला दुखापत होईल हेही नाही. लाल रिबीनवाली आज तेच दाखवतेय.

मग बसवायचं कशाला? मी सरांना हेच विचारतो.

"ती आज पळतीय, कारण तिचे पाय तसले आहेत," सर म्हणतात. "पण तिच्याजवळ एकच उठणं आहे. पाय असा पडला तरच ती उठणार. जरा वाकडा पडला की संपलं. चष्मेवालीचं सगळं जागेवर आहे, तिला नुसता जोर घालायचाय. मी कुणाला आधी जिंकवू शकतो विचाराल तर लालवालीला. तीन वर्षांनी कोण खेळत असेल विचाराल तर चष्मेवाली."

मला हे पटतं. चांगली हालचाल म्हणजे वेग नव्हे. वेग जिथे बसवायचा ती जागा आहे. ती नसली तर वेग सांध्यावर जाऊन बसतो.

ऊन खांबावर आलंय. आता धावणं सुरू होतं, पण ज्याची मी वाट बघत होतो ते नव्हे. एका रेषेपासून पूर्ण वेगाने यायचं आणि सरांनी काठी आडवी केली की थांबायचं. तीन पावलांत. थांबल्यावर हलायचं नाही.

इथे मैदानाचा आवाज बदलतो. सर डोळे मिटून उभे राहतात, खरोखर मिटून, आणि पावलं ऐकतात. धप्प वाजलं की म्हणतात, "नाही." वाजलं नाही की काहीच म्हणत नाहीत. मुली एकमेकींना दटावतात, "अगं हळू टेकव, हळू." हळू टेकवायचं तर गुडघा वाकवावा लागतो, खुबा मागे न्यावा लागतो, आणि शेवटच्या एका पावलावर सगळं न टाकता त्याआधीच्या दोन पावलांतच वेग सोडून द्यावा लागतो. हे ते सांगत नाहीत. आवाज घालवा, इतकंच सांगतात. बाकीचं शरीर शोधून काढतं.

उंच मुलगी येते. चौदा वर्षांची. वर्षभरात तिची उंची इतकी वाढली आहे की तिची सलवार घोट्यापासून वीतभर वर गेली आहे. धाव सुंदर, लांब टांगांची. काठी आडवी होते, ती थांबते, आणि थांबताना तिचा उजवा गुडघा आत पडतो. डाव्या गुडघ्याला जवळजवळ शिवतो. क्षणभरच. लगेच ती सरळ उभी. तिला काही कळलेलंही नाही.

सरांनी डोळे उघडलेले आहेत. "पुन्हा."

पुन्हा तेच.

गुडघ्याच्या आत समोरच्या बाजूने तिरका जाणारा एक बंध असतो. मांडीच्या हाडाखालून नडगी पुढे सरकू नये, पिळली जाऊ नये म्हणून तो धरून ठेवतो. तो तुटला की शस्त्रक्रिया, मग महिनोन्महिने व्यायाम, आणि मैदानावर परतायला बहुधा नऊ महिने ते वर्ष. खेड्यातल्या मुलीच्या बाबतीत याचा अर्थ बहुतेक वेळा खेळ संपला असाच होतो. थांबणं, वळणं आणि उडीवरून उतरणं ज्या खेळांत आहे, त्या खेळांत वयात आलेल्या मुलींना या दुखापतीचा धोका मुलांपेक्षा कितीतरी जास्त असतो, दुपटीहून अधिक. आणि बहुतेक वेळा समोरच्याची धडक लागलेली नसते. ती एकटीच थांबते, एकटीच वळते आणि पडते.

दुखापतींच्या व्हिडिओंचा बारकाईने अभ्यास केला गेला, तेव्हा दिसलं की पाऊल जमिनीला लागल्यापासून साधारण चाळीस ते पन्नास मिलिसेकंदांत हा बंध तुटतो. काही तरी चुकतंय हे जाणवून माणसाने मुद्दाम स्नायू आवळायचा म्हटलं तर त्याला याच्या तिप्पट-चौपट वेळ लागतो. म्हणजे सावरायला वेळच नाही. पाऊल टेकण्याआधीच मांडीच्या मागचे आणि खुब्याच्या बाजूचे स्नायू आवळलेले असले तरच गुडघा वाचणार. ते आवळणं पहाटेच्या अशा कंटाळवाण्या थांबण्यांतूनच अंगात मुरतं, दुसरा मार्ग नाही.

हा मार्ग लागू पडतो हेही सिद्ध झालेलं आहे. २००८ साली नॉर्वेतल्या तेरा ते सतरा वर्षांच्या फुटबॉल खेळणाऱ्या अठराशेहून अधिक मुलींचा अभ्यास प्रसिद्ध झाला. काही क्लबांनी सरावाआधी वीस मिनिटांचा ठरावीक व्यायाम केला: पळणं, एका पायावर तोल, बसणं-उठणं, उडी मारून नीट उतरणं, पाऊल रोवून वळणं. बाकीच्यांनी नेहमीचाच सराव केला. व्यायाम करणाऱ्या गटातल्या एकूण दुखापती जवळपास एक तृतीयांशाने कमी होत्या. त्यासाठी यंत्र लागलं नाही, पैसा लागला नाही. मैदान लागलं, आणि बघणारा माणूस लागला.

मी पाहिलेल्या निवड चाचण्यांत मुलींची तीस मीटरची वेळ घेतात, उडी मोजतात. थांबताना गुडघा कुठे जातो हे कुणी बघत नाही. ज्या मुलीची वेळ सगळ्यांत चांगली तीच सगळ्यांत जोरात थांबणार, म्हणजे जिला सगळ्यांत आधी तपासायला हवं तिलाच आपण सगळ्यांत आधी निवडतो. आता तर मोठ्या स्पर्धा मॅटवर होतात. मातीत पाऊल थोडं घसरतं, ती घसरण थोडा जोर खाऊन टाकते. मॅट पावलाला धरून ठेवते. मातीवर जो गुडघा आत पडून निभावतो तो मॅटवर निभावेलच असं नाही. गावातल्या मातीवर शिकलेली मुलगी पहिल्यांदा मॅटवर पाय ठेवते ती राज्याच्या स्पर्धेत, सगळ्यांत जास्त जोर लावायच्या दिवशी. हे मला भयंकर वाटतं.

उंच मुलीला सर पळू देत नाहीत. ताई तिच्यासमोर उभी राहते, दोघी एकाच पायावर. उंच मुलीने त्याच पायावर हळूहळू खाली जायचं, ताईच्या हातातल्या चपलेला शिवायचं, वर यायचं. गुडघा थरथरतो, आत जाऊ बघतो. "गुडघ्याने माझ्याकडे बघ," ताई म्हणते. मजेशीर वाक्य आहे, पण लागू पडतं. गुडघा सरळ होतो.

"पोटऱ्या दुखायल्यात, ताई."

"पोटऱ्या? मग चुकायलीस तू. बुड दुखायला पाहिजे."

तिकडे सरांनी चौकांतून तीन मुली पळतीला सोडल्या आहेत. साखळी. बसलेल्या मुलींच्या मधून आत-बाहेर, आत-बाहेर, नागमोडी. मागे लागलेली ताकदीने धावतेय, पण तिच्या पायांत नियम आहे: एकदा एका खांबाची दिशा घेतली की खांब गाठेपर्यंत उलटं फिरता येत नाही, आणि मधली पाटी ओलांडता येत नाही. पळणारीला असलं काहीच बंधन नाही. म्हणून पळणारीचं सगळं कसब त्या एका क्षणात असतं, जेव्हा ती समोरचीला दिशा घ्यायला लावते.

हुलकावणी. बारकी, तीच सकाळी पळण्याबद्दल विचारणारी, चौकाजवळ जवळजवळ उभी राहते. गुडघे वाकलेले, पावलं खांद्यांहून थोडी रुंद. खांदा उत्तरेला झुकवते. छाती जाते, डोळे जातात, पण खुबे जात नाहीत. मागची उत्तरेला एक पाऊल टाकते, आणि झालं, अडकली. बारकी दक्षिणेला निसटून गेलेली आहे. कट्ट्यावरून मी टाळी वाजवतो. सर माझ्याकडे बघतही नाहीत.

पुन्हा पुन्हा पाहिल्यावर कळतं की प्रत्येक वेळी वेगळं होतंय. कधी ती खांद्याने फसवते, कधी अर्ध्या पावलाने, एकदा तर नुसती थांबते. सारखं असतं ते एकच: फसवतानाही तिच्या शरीराचा भार दोन पावलांच्या मध्ये राहतो, म्हणून ती कुठेही जाऊ शकते. निकोलाय बर्नस्टाईन या रशियन शास्त्रज्ञाने १९२०च्या दशकात मॉस्कोत कामगारांच्या हातोड्याच्या घावांचं चित्रण केलं होतं. कसलेल्या कामगाराचा हातोडा दर वेळी नेमक्या जागी पडत होता, पण खांदा, कोपर आणि मनगट यांचे कोन दर घावाला निराळे होते. एक सांधा थोडा चुकला तर दुसरा भरून काढत होता. कौशल्य म्हणजे एकच हालचाल घोटून साच्यात बसवणं, ही आपली समजूत त्या निरीक्षणाने तेव्हाच मोडीत काढली. सर हे वाचून करत असतील वा नसतील, पण ते बारकीला तिची हुलकावणी कधीच शिकवत नाहीत. पावलं रुंद आहेत का आणि खुबा खाली आहे का, एवढंच बघतात. बाकी तिचं तिला.

निळ्या टी-शर्टवालीला मात्र हे जमत नाही. खांदा टाकते तेव्हा तिच्या खुब्याचा भारही तिकडे जातो, कारण खाली बसून राहायला घोटा देत नाही. ती उंच उभी राहते, आणि उंच उभ्या माणसाला फसवता येत नाही. ताई तिला दोनदा बाद करते. भिंतीपासूनचं ते चार बोटांचं अंतर इथे, मैदानाच्या मध्यावर, असं भेटतं.

खांबावर लाल रिबीनवाली आहे. खांबाला वळसा घालून पळणारीला खांबावरच गाठायचं: एका हाताने खांब धरायचा, त्याच बाजूचं पाऊल खांबाच्या बुडाशी रोवायचं, दुसरा पाय मागे सोडायचा आणि अख्खं शरीर जमिनीला समांतर करून मोकळा हात पुढे फेकायचा. खांब उजव्या हाताला असला की ती हे अशी करते की बघणाऱ्याचा श्वास अडकतो. पाठ सपाट, कमर नव्हे तर खुबा दुमडलेला, हात शेवटच्या बोटापर्यंत लांब. वाईट बसणारी हीच मुलगी एका पायावर इतकी सुंदर वाकते. घरी विहिरीवरून पाणी शेंदते, सर सांगतात. खुब्यातून वाकणं आणि मांडीच्या मागच्या बाजूने ओढणं तिच्या अंगात आहे.

पण फक्त उजवीकडे. खांब डाव्या हाताला आला की ती दोन पावलं आधीच मंदावते, उभी होते, खांबाला मिठी मारल्यागत धरते आणि हात जेमतेम पुढे जातो.

आता डाव सुरू. नऊ जणी पाठलागाला, तीन पळतीला, सरांच्या हातात घड्याळ. पहिली दोन मिनिटं सगळं सकाळच्या शिकवणीसारखं दिसतं. जी आधी उभी राहायची ती आता सांडत उठते. पावलं वाजत नाहीत. उंच मुलगी साखळीत आहे, आणि दोन वळणं तिने अशी घेतली की ताई रेषेबाहेरून ओरडते, "हां, असंच!"

चौथ्या मिनिटाला दम लागतो आणि एकेक गोष्ट सुटू लागते. ज्या क्रमाने शिकली त्याच्या उलट्या क्रमाने सुटते. आधी थांबणं सुटतं: धप्प, धप्प. मग उठणं. निळ्या टी-शर्टवाली चौकात हात न टेकता गुडघ्यावर बसते, सर ओरडतात. बारकीची हुलकावणी मात्र टिकून आहे, ती तिची स्वतःची आहे म्हणून असेल. उंच मुलगी खांबापलीकडच्या मुक्त क्षेत्रात वळते आणि गुडघा आत येतो, सकाळी यायचा तितकाच.

शिट्टी. आज पहिल्यांदा वाजलेली.

"तू बाहेर ये."

"सर, मी बाद नाही झाले!"

"माहीतंय. बाहेर ये."

ती येते, डोळ्यांत पाणी, राग. "चाचणीला घेणार नाही का मला?"

"घेणार. तुझं नाव लिहिलंय. पण दमल्यावर आज नाही वळायचं." ते घड्याळ तिच्या हातात देतात. "वेळ धर. आणि दर मिनिटाला मला सांग, कुणाचं पाऊल वाजतंय."

ती नाक ओढत घड्याळ धरते. मिनिटाने सांगते, "निळीचं. आणि ताईचंपण." ताई मागे वळून बघते. "माझं?" "हो, ताई. डावं." सगळ्या हसतात, ताईही.

तोवर पळतीवाल्या मुलींनी लाल रिबीनवालीचं गुपित ओळखलेलं आहे. बारकी आता मुद्दाम अशा बाजूने खांबाला येते की खांब लाल रिबीनवालीच्या डाव्या हाताला यावा. एकदा निसटते, दोनदा निसटते. तिसऱ्यांदा लाल रिबीनवाली चिडून खांबावर हात आपटते. डाव संपतो. शाळेच्या फाटकातून दप्तरवाली पोरं येऊ लागली आहेत, परिपाठाला थोडाच वेळ उरलाय.

"बारके, इकडे. खांबाजवळ उभी राहा, हळू वळ." सर काठी लाल रिबीनवालीच्या पाठीवर उभी धरतात: एक टोक डोक्याला, मध्य पाठीला, दुसरं टोक माकडहाडाला. "काठी सुटू न देता डाव्या पायावर वाक. खांब नंतर."

वाकते. काठी डोक्यापासून सुटते. पुन्हा. सुटते. तिसऱ्यांदा राहते.

"आता खांब धर. पळायचं नाही, जागेवरून."

डावा हात खांबावर, डावं पाऊल बुडाशी. पुढे झुकते, उजवा पाय मागे उठतो, तोल जातो, हात टेकते. उंच मुलगी घड्याळ गळ्यात अडकवून शेजारी येऊन बसते आणि तिच्या पावलाकडे बघते. "तुझा गुडघा आत जायलाय बघ," ती म्हणते.

लाल रिबीनवाली खाली बघते. पाऊल थोडं फिरवून रोवते. झुकते. या वेळी पाठ सपाट राहते, हात लांबतो आणि बारकीच्या खांद्याला बोटं लागतात.

"पुन्हा," सर म्हणतात. "आता दोन पावलं मागून ये."